महाविद्यालयातले संगणक : चावी कोणाच्या हाती?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. परतीच्या पावसाचे दिवस होते. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरचे परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. आदल्या रात्री विजांचा बराच गडगडाट झाला होता आणि दोन-तीनदा वीज गेली होती. सकाळी प्रयोगशाळेतले चाळीसच्या चाळीस संगणक व्यवस्थित सुरू झाले. पण ज्या सॉफ्टवेअरवर परीक्षा घ्यायची होती, ते मात्र एकाही संगणकावर उघडेना. प्रत्येक पडद्यावर एकच सूचना : परवाना मिळत नाही.

सॉफ्टवेअर तर प्रत्येक संगणकाच्या हार्ड डिस्कवर होते. मग अडले कुठे? चौकशी केल्यावर उलगडा झाला. महाविद्यालयाने वीस जणांना एकाच वेळी वापरता येईल असा परवाना घेतला होता. तळमजल्यावरच्या एका खोलीत एक संगणक केवळ परवाने मोजण्यासाठी ठेवला होता. प्रयोगशाळेतल्या एखाद्या संगणकावर सॉफ्टवेअर उघडले की ते जाळ्यामार्फत या मोजणाऱ्या संगणकाला विचारते, "जागा आहे का?" वीस जण आत असतील तर एकविसाव्याला नकार मिळतो. रात्री वीज गेली तेव्हा हाच संगणक बिघडला होता. त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी नव्हतेच, आणि सर्वांनाच नकार मिळत होता.

दुरुस्ती होऊन परीक्षा सुरू व्हायला तीन तास लागले. मुले विरार, बदलापूर, टिटवाळ्याहून पहाटेची लोकल पकडून आली होती. वाट पाहता पाहता एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, हे सॉफ्टवेअर कॉलेजने विकत घेतलंय ना? मग ते आपलं का नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे नीट उत्तर द्यायचे तर सॉफ्टवेअर म्हणजे काय, त्याची मालकी म्हणजे काय आणि महाविद्यालयातले संगणक-जाळे कशावर चालते, हे सारे पाहावे लागेल.

भाजणीचे दाणे आणि भाजणीचे पीठ

दिवाळीच्या आधी घरी चकलीची भाजणी करतात. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे असे जिन्नस मोजून घ्यायचे, वेगवेगळे भाजायचे आणि गिरणीतून दळून आणायचे. दळण्याआधी डब्यात पाहिले तर कोणता जिन्नस किती आहे ते दिसते. उडीद जास्त झाला असेल तर थोडा काढता येतो. एकदा दळून आणले की तेच पीठ कितीही निरखून पाहा, त्यातून उडीद वेगळा काढता येत नाही.

सॉफ्टवेअरचेही असेच असते. प्रोग्रामर आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहितो. 'गुण ३५ किंवा त्याहून अधिक असतील तर उत्तीर्ण लिही' अशा प्रकारच्या त्या आज्ञा असतात. याला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. संगणकाचा प्रोसेसर ही भाषा थेट समजू शकत नाही. म्हणून कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम तिचे रूपांतर शून्य आणि एकच्या लांबलचक मालिकेत करतो. कंपायलर ही जणू गिरणीच. दळलेली संहिता संगणकाला चालते, पण माणसाला वाचता येत नाही. तिच्यावरून मूळ आज्ञा शोधून काढणे अशक्य नसले तरी अतिशय जिकिरीचे असते, आणि बहुतेक परवाने ते करायला मनाईही करतात.

बाजारातले बरेचसे सॉफ्टवेअर असे पिठाच्या पाकिटासारखे मिळते. पाकिटासोबत अटीही असतात : हे पीठ एकाच स्वयंपाकघरात वापरा, यात काय आहे ते शोधू नका, शेजारी वाटीभरही देऊ नका. अशा सॉफ्टवेअरला मालकी हक्काचे किंवा बंदिस्त सॉफ्टवेअर म्हणतात. महाविद्यालयाने विकत घेतलेली वस्तू म्हणजे सॉफ्टवेअर नव्हतेच. ठरावीक अटींवर ते वापरण्याची परवानगी तेवढी घेतली होती. त्या मुलीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

दुसऱ्या प्रकारात पिठाबरोबर दाणे आणि प्रमाणही मिळते. अशा सॉफ्टवेअरचा परवाना वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक देतो. कोणत्याही कामासाठी ते वापरावे, ते कसे चालते याचा अभ्यास करून हवा तसा बदल करावा, त्याच्या प्रती इतरांना द्याव्यात आणि आपण सुधारलेली प्रतही वाटावी. हे मुक्त सॉफ्टवेअर.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होत असल्याने तिथे फार गोंधळ होतो. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे आपल्याला हा फरक समजायला अडचण पडू नये. मुक्त सॉफ्टवेअर बहुधा फुकटही मिळते, पण ते विकायला बंदी नाही. उलट, फुकट मिळणारी प्रत्येक गोष्ट मुक्त असतेच असे नाही. एक ताजे उदाहरण घेऊ. गूगल कंपनी शिक्षणसंस्थांना ई-मेल आणि फाइली ठेवण्यासाठी अमर्याद जागा विनामूल्य देत असे. अनेक संस्थांनी आपला सारा कारभार तिथे नेला. २०२१ साली कंपनीने धोरण बदलत असल्याचे सांगितले आणि २०२२ च्या जुलैपासून प्रत्येक संस्थेला सर्वांत मिळून १०० टेराबाइट अशी मर्यादा आली. कंपनीने काही लबाडी केली असे नाही. देणाऱ्याची वस्तू, देणाऱ्याच्या अटी. पण मोठ्या संस्थांना वर्षानुवर्षांच्या फाइली आवरत बसावे लागले.

एका छपाईयंत्राची हकिकत

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू झाली तीही एका शिक्षणसंस्थेच्या संगणक-जाळ्यावर. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करत होता. प्रयोगशाळेचे छपाईयंत्र दुसऱ्या मजल्यावर असल्याने कागद अडकला तरी कुणाला कळत नसे. जुन्या यंत्राची संहिता हाताशी होती. तीत त्याने थोडी भर घातली, आणि कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर तशी सूचना येऊ लागली. मग कोणीतरी जाऊन कागद मोकळा करी.

१९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे लेसर छपाईयंत्र आले. ते वेगवान होते, पण कागद अडकण्याचा त्रास तसाच होता, आणि याच्या सॉफ्टवेअरची संहिता मात्र मिळाली नव्हती. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे ती होती. स्टॉलमन त्याच्याकडे गेला, तर "कुणाला न देण्याचा करार मी केला आहे" असे उत्तर मिळाले. चार ओळींची दुरुस्ती करण्याची तयारी आणि कुवत दोन्ही असूनही हात बांधलेले!

पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमनने संपूर्ण मुक्त अशी संगणक-प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. तिला 'ग्नू' हे नाव दिले. १९८९ साली त्याने एक विशेष परवाना तयार केला. प्रताधिकाराचा कायदा सामान्यतः प्रती काढायला आडकाठी करतो. या परवान्याने त्याच कायद्याचा उपयोग उलट बाजूने केला : प्रती काढा, बदला, वाटा, पण ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक दिली पाहिजे. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो याच परवान्याखाली आणला. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा एकत्र आल्यावर साध्या पी.सी.वर चालणारी पूर्ण मुक्त प्रणाली तयार झाली.

जुहू ते पवई

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 'अर्नेट' हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचे संगणक-जाळे उभारायला घेतले. सुरुवातीला त्यात आठ संस्था होत्या. त्यांतल्या दोन मुंबईच्या उपनगरांतल्या होत्या : जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय.आय.टी. १९८६-८७ च्या सुमारास या दोन संस्थांमध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवून देई. १९८९ मध्ये जुहूच्या संस्थेतून थेट अमेरिकेशी जोडणी झाली. तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट मिळाले ते त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. जुहूची ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

या इतिहासातून आपल्या विषयाला लागू पडणारी एक गोष्ट कळते. त्या काळी संगणक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची स्वतःची जोडणीची पद्धत असे आणि एका कंपनीचे संगणक दुसरीच्या संगणकांशी सहजी बोलू शकत नसत. शेवटी टिकली ती टीसीपी-आयपी ही नियमावली. तिचे नियम छापून सर्वांसाठी खुले होते. कुणाचीही परवानगी न घेता कोणीही ते वाचून आपले सॉफ्टवेअर लिहू शकत होता. पवईचा संगणक कोणत्या कंपनीचा आणि जुहूचा कोणत्या कंपनीचा, याने मग काही बिघडत नव्हते. जाळे नावाची गोष्ट मुळात खुल्या नियमांवर उभी आहे.

आजच्या महाविद्यालयातल्या जाळ्याचे पडदे उघडून पाहिले, तर आत मुक्त सॉफ्टवेअर सापडण्याची शक्यता फार मोठी. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधण्याचे काम करणारे बाइंड हे सॉफ्टवेअर कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जन्मले. वेबपाने पुरवणारे अपाचे मुक्त आहे. शिक्षकांना पाठ, गृहपाठ आणि चाचण्या ठेवता येतील असे मूडल मार्टिन डूजिआमस या ऑस्ट्रेलियातील संगणकतज्ज्ञाने २००२ मध्ये सर्वांसाठी खुले केले. अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कोहा वापरतात. न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालयाचे जुने सॉफ्टवेअर इ.स. २००० उजाडल्यावर तारखांच्या घोळाने बंद पडेल अशी भीती होती. म्हणून त्यांनी नवे लिहून घेतले आणि जगाला देऊन टाकले. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. एका गावच्या ग्रंथालयाची ही भेट आज आपल्याकडच्या ग्रंथपालांच्याही उपयोगी पडते आहे.

थोडक्यात, विद्यार्थ्याला न दिसणारा जाळ्याचा भाग बहुधा मुक्त असतो आणि तो ज्या पडद्यासमोर बसतो, तिथे मात्र बंदिस्त सॉफ्टवेअर असते. शिक्षणाच्या दृष्टीने हे उलटे नव्हे काय?

साडेचौतीस गुणांचे काय करायचे?

संहिता उघडी असण्याने शिकणाऱ्याचा नेमका काय फायदा होतो, ते एका छोट्या प्रयोगातून पाहू. हा प्रयोग शिक्षकांनी वर्गात जरूर करावा.

एका विद्यार्थ्याला सरासरी ३४.५ गुण पडले. पूर्णांकात मांडायचे तर किती? शाळेत आपण शिकलो की अर्धा असेल तर वरचा अंक घ्यावा, म्हणजे ३५. लिब्रेऑफिसच्या तक्त्यात पूर्णांक करण्याचे फल वापरून पाहा, उत्तर ३५ येते. मूल उत्तीर्ण झाले! आता पायथन या भाषेची सध्याची आवृत्ती घ्या आणि तिच्यातले पूर्णांक करण्याचे फल वापरा. उत्तर येईल ३४. मूल नापास! मग ३५.५ देऊन पाहा, उत्तर ३६ येते. ३३.५ दिले तर ३४.

संगणक चुकला का? नाही. पायथनमध्ये बरोबर अर्धा आला तर जवळची सम संख्या घेण्याचा नियम आहे. यामागे कारण आहे. हजारो संख्यांत दर वेळी अर्ध्याला वर ढकलले, तर एकूण बेरीज हळूहळू फुगत जाते. कधी वर, कधी खाली गेल्याने ही चूक बरीचशी भरून निघते. शास्त्रीय आकडेमोडीत हा नियम चांगला आहे, पण निकालपत्रासाठी तो योग्य आहे का हे माणसाने ठरवायला हवे.

पायथन आणि लिब्रेऑफिस दोन्ही मुक्त आहेत. त्यामुळे जिज्ञासू विद्यार्थी त्यांची संहिता उघडून हा नियम नेमका कुठे आणि कसा लिहिला आहे ते पाहू शकतो. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतही नियम दिलेला असतो, पण आत खरोखर तेच चालते का हे तपासण्याचा मार्ग नसतो. आमचे काम समीकरणे संगणकावर सोडवण्याचे. उत्तर कसे काढले हे दाखवता येत नसेल तर ते उत्तर विज्ञानात ग्राह्य धरत नाहीत. गणिताच्या वहीत आपण मुलांना 'पायऱ्या दाखवा' असे सांगतो. मग संगणकाला ही सूट का द्यावी?

पवईतले प्रयत्न

"हे सारे ठीक, पण आमच्या प्रयोगशाळेतले प्रयोग बंदिस्त सॉफ्टवेअरवर लिहिलेले आहेत. ते बदलायचे कोणी?" असा प्रश्न शिक्षक विचारतात. त्यावर पवईच्या आय.आय.टी.मध्ये बरेच काम झाले आहे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातील माहिती-तंत्रज्ञानाच्या निधीतून तिथे 'फॉसी' हा प्रकल्प चालतो. मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणणे हा त्याचा हेतू. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांचा त्यात मोठा वाटा आहे. प्रकल्पाची एक योजना 'पाठ्यपुस्तकांचे सोबती' अशी आहे. अभियांत्रिकीच्या नावाजलेल्या पुस्तकात सोडवलेली उदाहरणे असतात. विद्यार्थी ती एकेक करून सायलॅब किंवा पायथन यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सोडवतात. काम तपासले जाते, विद्यार्थ्याला मानधन मिळते आणि संहिता सर्वांसाठी खुली होते. पुस्तक वाचताना शंका आली, तर दुसरा विद्यार्थी तीच आज्ञावली घेऊन आकडे बदलून पाहू शकतो.

दुसरी योजना आहे प्रयोगशाळा स्थलांतराची. शिक्षकाने आपल्या विषयाच्या प्रयोगांची यादी द्यायची आणि प्रत्येक प्रयोग मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवायचा. हे कामही तपासून खुले केले जाते. त्यामुळे एका महाविद्यालयाने केलेले काम दुसऱ्याला आयते मिळते. विजेच्या मंडलांसाठी ई-सिम आणि पोलादी बांधकामाच्या आराखड्यासाठी ओस्डॅग ही सॉफ्टवेअरही याच प्रकल्पात तयार झाली आहेत.

शिकवणार कोण, या प्रश्नावरही पवईतच 'स्पोकन ट्युटोरियल' हा तोडगा निघाला. सुमारे दहा मिनिटांचा एक पाठ. पडद्यावर सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालताना दिसते आणि त्याबरोबर निवेदन ऐकू येते. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ लावायचा, अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर उघडायचे आणि ऐकत ऐकत स्वतः करत जायचे. पडद्यावरची चित्रे तशीच ठेवून निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याचा किती आधार वाटतो, हे ज्यांनी प्रथम वर्षाच्या वर्गाला शिकवले आहे त्यांना सांगायला नको. हे पाठही खुल्या परवान्याने दिले आहेत. उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर भरा आणि इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत दाखवा.

पेन ड्राइव्हचा हा मुद्दा वरवर किरकोळ वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. उपनगरातल्या महाविद्यालयातला विद्यार्थी रोज तीन-चार तास प्रवास करतो. परवान्याचे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेपुरतेच असेल तर त्याला आठवड्याचे दोन तास सराव मिळतो. घरी सराव हवा तर न परवडणारी प्रत विकत घ्यायची, नाही तर चोरून मिळवायची. बहुतेक मुले काय करतात हे आपल्याला माहीत आहे, आणि अनेकदा ती प्रत शिक्षकानेच 'मदत' म्हणून दिलेली असते. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या ६३-ब कलमानुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान सात दिवसांचा आणि कमाल तीन वर्षांचा कारावास, तसेच पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. शिक्षा प्रत्यक्षात क्वचितच होत असेल, पण विद्येच्या पहिल्याच पायरीवर आपण मुलांना डोळे चुकवून काम करायला शिकवतो, याची खंत वाटते. मुक्त सॉफ्टवेअरची प्रत मुलाच्या हातात ठेवताना शिक्षकाला मान खाली घालावी लागत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिकेचा धडा

सॉफ्टवेअरइतकेच महत्त्व फाइलींच्या रचनेला आहे. ज्या शाळांनी १९९० च्या दशकात मराठी प्रश्नपत्रिका संगणकावर टंकल्या, त्यांनी त्या फाइली आज उघडून पाहाव्यात. बहुधा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसेल. त्या काळी मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले फॉन्ट वापरत आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. तो फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोड या खुल्या मानकात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून आज एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर वाचता येते.

दस्तऐवजांसाठीही 'ओपन डॉक्युमेंट' या रचनेला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. भारत सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. महाविद्यालयाला एकच पाऊल उचलायचे असेल तर ते आधी इथे उचलावे. सॉफ्टवेअर कोणतेही असो, साठवणूक खुल्या रचनेत असावी. म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी कागद आपलेच राहतात.

आक्षेपांचाही विचार हवा

मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडताना अडचणी लपवणे बरे नाही.

पहिला आक्षेप नोकरीचा. कंपन्या विशिष्ट बंदिस्त सॉफ्टवेअर येणारी माणसे मागतात. हे खरे आहे. वाणिज्य किंवा वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाजारात चालणारे सॉफ्टवेअर दाखवलेच पाहिजे. पण तीन वर्षे एका कंपनीची बटणे पाठ करण्यापेक्षा त्यामागचे तत्त्व शिकलेला विद्यार्थी नवे सॉफ्टवेअर लवकर आत्मसात करतो. शिवाय मुक्त सॉफ्टवेअरलाही मागणी आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून तिच्यातला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. संहिता उघडी असल्याने दोष लवकर सापडतात असे म्हणतात. पण कोणालाही पाहता येते, म्हणजे कोणीतरी पाहिलेच असे नाही. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपन-एस.एस.एल. या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २०१२ पासून असलेला गंभीर दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. अर्धे जग ते वापरत होते आणि देखभाल मोजकी माणसे करत होती. वापरणाऱ्यांनी काही परत दिले नाही तर ही व्यवस्था टिकत नाही.

तिसरा आणि सर्वांत खरा आक्षेप माणसांचा. जर्मनीतील म्युनिक शहराच्या प्रशासनाने २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा निर्णय घेतला. केरळ राज्याने मात्र शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजवले. तिथे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर वर्षानुवर्षे मेहनत घेतली गेली. आमच्या पाहण्यातही असे एक महाविद्यालय आहे. एका उत्साही प्राध्यापकाने सारी प्रयोगशाळा लिनक्सवर नेली, ते निवृत्त झाले आणि वर्षभरात सारे पूर्ववत झाले. परवान्याचे पैसे वाचतात हे खरे, पण त्यातले काही माणसे तयार करण्यावर खर्च केले नाहीत, तर बचत फसवी ठरते.

सुरुवात कुठून करावी?

एकदम सगळे बदलण्याची गरज नाही. आधी प्रयोगशाळेत कोणते सॉफ्टवेअर कशासाठी वापरतो, परवाना कितीचा आणि कधीपर्यंत आहे, याची यादी करावी. फाइली खुल्या रचनेत ठेवायला सुरुवात करावी. मग एक विषय आणि एक प्रयोगशाळा निवडावी. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पुढची आवृत्ती न चालणारे, पण एरवी धडधाकट असलेले अनेक संगणक महाविद्यालयांत पडून आहेत. भंगारात देण्यापूर्वी त्यांतल्या दहांवर लिनक्स घालून पाहावे. हे काम बाहेरच्या माणसाकडून न करून घेता विद्यार्थ्यांच्या गटाला द्यावे. दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवून जावे. म्हणजे एक प्राध्यापक गेले तरी काम थांबणार नाही.

आणि त्या मुलीचा प्रश्न? त्या दिवशी आम्ही तिला परवान्याची गोष्ट सांगितली, पण तिचे समाधान झाले नाही. "म्हणजे आम्ही फक्त वापरायचं, आत बघायचं नाही," ती म्हणाली. शिकायला आलेल्या मुलाला 'आत बघू नकोस' असे सांगणारी वस्तू प्रयोगशाळेत कितपत असावी, हे प्रत्येक महाविद्यालयाने स्वतः ठरवावे. निदान काही दारांच्या चाव्या तरी मुलांच्या हाती द्यायला हरकत नसावी.